राजकन्या इंदिराराजे : एका नकाराची हकीकत



आपल्या मंडळीत एखादे लग्न ठरले म्हणजे प्रथम वधूवरांची नावे उपासनेच्या वेळी वाचून दाखविण्यात येतात. पुढे लग्नाच्या दिवशी पाळकसाहेब आधी वरास व मग वधूस सर्वांदेखत विचारतात की, ह्या जोडीदाराचा तू राजीखुशीने स्वीकार करतेस काय? वधू मान खाली घालून होकार देते. तो होकार बहुधा इतका हळू असतो की पुढच्या बाकावरच्या माणसांसही तो ऐकू येत नाही. मग गीत होते, प्रार्थना होते, आणि वऱ्हाड जेवावयास बसते. परंतु हाच प्रश्न त्या मुलीस त्या दिवसाच्या आधी, तिच्या घरात, चुलीपाशी बसवून कोणी विचारला होता काय, ह्याची चौकशी करण्याचे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबकेच्या लग्नाची हकीकत आहे. अब्राहामाचा सेवक उंट, दागिने व वस्त्रे घेऊन आला होता. रिबकेचा बाप व भाऊ ह्यांनी ही गोष्ट देवाकडूनच घडून आली असे मान्य केले होते. तरी निघण्याची वेळ आली तेव्हा तिचा भाऊ व आई ह्यांनी ठरविले की, मुलीस बोलावून तिच्याच तोंडून ऐकावे. त्यांनी तिला विचारले, ती जाते म्हणाली, आणि मगच तिची पाठवणी झाली. इतक्या प्राचीन काळी, मेंढपाळांच्या घरी, जे करण्यात आले ते पुष्कळ मोठमोठ्या घरांत पुढे हजारो वर्षे करण्यात आले नाही. आज आम्ही ज्या राजकन्येचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, तिच्या घरीही ते करण्यात आले नव्हते. ती ख्रिस्ती नव्हती, आणि तिचे सर्व आयुष्य कित्त्यासारखे गिरवावे असेही नाही. तथापि तिच्या चरित्रात आईबापांनी व मुलींनी विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

इंदिराराजे गायकवाड ह्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ रोजी बडोद्यास झाला. श्रीमंत महाराज सयाजीराव व महाराणी चिमणाबाई ह्यांची ती एकुलती एक कन्या होय. तिचे भाऊ होते, पण चिमणाबाईंच्या पोटी मुलगी अशी हीच. म्हणून राजवाड्यात तिचे मोठे कौतुक होई.

तिच्या वडिलांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते समजल्यावाचून पुढील हकीकतीचे मर्म ध्यानात येणार नाही. सयाजीराव हे जन्मतः राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात १८६३ साली त्यांचा जन्म झाला, आणि १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसविले. गुरे राखणाऱ्या मुलांत वाढलेला हा मुलगा पुढे हिंदुस्थानातील अतिशय शहाण्या राजांपैकी एक झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि ह्या सक्तीतून मुलींस वगळले नाही. १९०४ साली त्यांनी बालविवाहास बंदी करणारा कायदा केला. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा व वसतिगृहे काढली.

साताऱ्याच्या वाचकांस त्यांचे नाव परके नाही. ज्या भीमराव आंबेडकरांचे बाळपण साताऱ्यास गेले व ज्यांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजीचे पहिले धडे घेतले, त्यांस १९१३ साली अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती ह्याच सयाजीरावांनी दिली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४० साली साताऱ्यास हायस्कूल काढले तेव्हा त्यास महाराजा सयाजीरावांचे नाव दिले. अशा ह्या पुरुषाचे आपल्या लोकांवर ऋण आहे, आणि ते आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

आई चिमणाबाई ह्याही तशाच करारी होत्या. त्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या. हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी एका सहकाऱ्यासह इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. तो १९११ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद प्रथम भरली तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी ह्याच बाई होत्या. अशा आईबापांची मुलगी लिहिणारी, वाचणारी व विचार करणारी व्हावी हे स्वाभाविकच होते. इंदिराराजे घोड्यावर बसत, इंग्रजी व मराठी दोन्ही उत्तम बोलत, आणि आईबापांबरोबर त्यांनी युरोपचा प्रवासही केला होता.

परंतु मुलीच्या लग्नाची वेळ आली, आणि ह्या सुधारलेल्या घरानेही जुन्या घरांप्रमाणेच केले. वर ठरला तो ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड. तेथील राणोजी शिंदे ह्यांनी पेशव्यांच्या चाकरीत पराक्रम करून उत्तरेकडील राज्याचा पाया घातला. गायकवाड व शिंदे ही दोन्ही थोर मराठा घराणी. जात जुळत होती, वैभव जुळत होते, आणि दोन मोठी संस्थाने नात्याने बांधली जाणार होती. लोकांच्या दृष्टीने ह्याहून चांगले स्थळ हिंदुस्थानात नव्हते.

माधवराव महाराज हे वाईट मनुष्य होते असे कोणी समजू नये. ते उद्योगी व राज्यकारभारात दक्ष असे राजे होते. परंतु त्यांचा जन्म १८७६ चा, म्हणजे ते मुलीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते. त्यांची पहिली राणी चिंकूराजे हयात होती. तिच्या पोटी संतान नव्हते आणि गादीस वारस हवा होता, म्हणून हे दुसरे लग्न. ग्वाल्हेरच्या राजवाड्यातील स्त्रिया कडक पडद्यात राहत असत. तेव्हा जी मुलगी मोकळ्या वाऱ्यात वाढली होती, जिला वडिलांनी पुस्तके दिली व जग दाखविले, तिला आता एका सवतीशेजारी पडद्याआड जन्म काढावयाचा होता. तिला शिकविले कशासाठी, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात येईल. तिच्या मनात तो आल्यावाचून कसा राहील? तरी वाङ्निश्चय झाला, आणि बडोद्यात लग्नाची तयारी सुरू झाली.

इतक्यात १९११ च्या डिसेंबर महिन्यात बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीस मोठा दरबार भरला. हिंदुस्थानातील बहुतेक सारे राजे तेथे आले होते. बडोद्याचे कुटुंबही होते. ह्या दरबारात सयाजीरावांवर एक संकट ओढवले. बादशहांस मुजरा करण्याची जी रीत ठरवून दिली होती ती त्यांनी बरोबर पाळली नाही व बादशहांकडे पाठ फिरवून ते परतले, असा बोभाटा झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यावर काहूर उठविले आणि महाराजांस माफीपत्र लिहावे लागले. सरकारची मर्जी फिरली म्हणजे संस्थानिकाची गादीही डळमळते, असा तो काळ होता.

त्याच दरबाराच्या दिवसांत राजकन्येची ओळख कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र नारायण ह्यांच्याशी झाली. कूचबिहार हे बंगालच्या उत्तरेस, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याजवळ असलेले एक संस्थान. जितेंद्र हे तेथील महाराजांचे धाकटे बंधू असून वयाने पंचविशीचे होते. इंदिराराजे एकोणीस वर्षांच्या होत्या. दोघांची मने जुळली.

येथे राजकन्येपुढे तीन वाटा होत्या. मुकाट्याने ग्वाल्हेरच्या मांडवात उभे राहावे आणि मन दुसरीकडे ठेवून जन्मभर खोटे वागावे, ही एक. कोणासही न सांगता पळून जावे, ही दुसरी. त्यांनी तिसरी वाट धरली. ज्या पुरुषाशी लग्न ठरले होते त्यालाच त्यांनी स्वतः पत्र लिहिले, आणि हे लग्न आपल्याला करावयाचे नाही असे स्पष्ट कळविले. पत्र टाकण्यापूर्वी त्यांनी आईबापांस सांगितले नाही. कारण सांगितले असते तर ते पत्र ग्वाल्हेरास कधी पोहोचलेच नसते.

काही दिवसांनी ग्वाल्हेरहून बडोद्यास तार आली. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असा तीत प्रश्न होता. आईबापांस पत्राची वार्ताही नव्हती. त्यांनी मुलीस बोलावून विचारले, आणि मुलीने खरे ते सांगितले. घरावर जणू वीज पडली. दरबारच्या प्रकरणाने महाराजांची अब्रू आधीच लोकांच्या तोंडी होती, तीत ही भर पडली. लग्नाची तयारी थांबवावी लागली, आणि देशभरच्या राजवाड्यांत ह्या गोष्टीची चर्चा झाली. त्या काळी राजकन्येने स्वतःच्या हाताने सोयरीक मोडावी ही गोष्ट कोणी ऐकलेली नव्हती. माधवराव महाराजांचे मात्र कौतुक केले पाहिजे. त्यांनी सूडबुद्धी धरली नाही, बडोद्याशी थोरपणाने वर्तन ठेवले, आणि पुढे दुसऱ्या एका घराण्यातील कन्येशी विवाह केला. त्या पत्नीच्या पोटी त्यांस वारसही झाला.

आता कोणी म्हणेल, मग सयाजीरावांनी मुलीचे लग्न जितेंद्राशी लावून दिले असेल. तसे झाले नाही. कूचबिहारचे राजे मराठा नव्हते. ते ब्राह्मसमाजी होते. राहणी पाश्चात्त्य धर्तीची, ऐषआरामाची, आणि त्या घरात मद्याचा शिरकाव झालेला. शिवाय जितेंद्र धाकटे, गादीवर थोरले बंधू. आईबापांनी साफ नकार दिला आणि दोघांच्या भेटीस बंदी केली. ह्या नकारात सर्वच काही आंधळा अभिमान होता असे नाही. मद्याविषयीची आईबापांची भीती खरी होती, हे पुढे दिसून येईल.

कूचबिहारच्या घराची एक जुनी गोष्ट येथे सांगणे अगत्याचे आहे. जितेंद्राची आई सुनीतीदेवी ही ब्राह्मसमाजाचे सुप्रसिद्ध पुढारी केशवचंद्र सेन ह्यांची कन्या. केशवचंद्र मोठे ईश्वरभक्त होते, प्रभू येशूविषयी त्यांच्या मनात गाढ आदर होता, आणि बालविवाहाच्या विरुद्ध त्यांनी जन्मभर लढा दिला. त्यांच्याच खटपटीने १८७२ साली जो विवाहाचा कायदा झाला, त्यात मुलीचे वय निदान १४ व मुलाचे १८ असावे असे ठरले. आणि सहाच वर्षांनी, १८७८ साली, सरकारी अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून ह्याच केशवचंद्रांनी आपली चौदा वर्षेही पुरी न झालेली मुलगी कूचबिहारच्या पंधरा वर्षांच्या राजास दिली. हा ईश्वराचाच आदेश आहे, असे ते सांगत. त्यांच्या अनुयायांस ते पटले नाही. समाजात फूट पडली, आणि त्याच वर्षी साधारण ब्राह्मसमाज म्हणून निराळी संस्था स्थापन झाली.

वाचकहो, हे दोन पिते शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाने बंगालात बालविवाहाविरुद्ध कायदा करविला, दुसऱ्याने बडोद्यात केला. दोघांनीही लोकांच्या लेकींचे कल्याण केले. पण स्वतःच्या लेकीची वेळ आली तेव्हा राजघराण्याची सोयरीक दोघांसही मोह घालून गेली. आम्ही हे त्यांची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. वेशीवर उभे राहून उपदेश करणे सोपे असते, आणि तोच उपदेश आपल्या उंबरठ्याच्या आत नेणे कठीण असते, हे आपण सर्व जाणतो. ज्या वर्षी सयाजीरावांनी एका गरीब तरुणास विद्येसाठी सातासमुद्रांपलीकडे पाठविले, त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्या आशीर्वादावाचून लग्नास उभी राहिली.

ते लग्न १९१३ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनमध्ये झाले. दीड वर्षाहून अधिक काळ मुलीचा निश्चय ढळला नाही, तेव्हा आईबापांनी अडविण्याचे सोडले, परंतु लग्नास ते आले नाहीत. ब्राह्म पद्धतीने विधी झाला. बडोद्याच्या राजवाड्यात जिच्या लग्नासाठी हत्ती सजावयाचे, ती परक्या शहरात, माहेरच्या आशीर्वादावाचून सासरी गेली. आपल्या इच्छेचे मोल तिला द्यावे लागले, आणि तिने ते दिले.

लग्नास काही दिवसच झाले होते, तोच जितेंद्राचे थोरले बंधू महाराज राजेंद्र नारायण वारले, आणि जितेंद्र गादीवर आले. धाकटा म्हणून ज्यास नाकारले तो राजा झाला आणि इंदिरादेवी कूचबिहारच्या महाराणी झाल्या. त्यांस पाच मुले झाली : इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री व मेनका. सासू सुनीतीदेवी हिने कूचबिहारात मुलींची शाळा चालविली होती, स्त्रियांस मोकळीक दिली होती. तेथे सुनेस पडद्यात कोंडून घ्यावे लागले नाही.

काळाने बडोद्याचा राग शांत केला. महाराज व महाराणी ह्यांनी मुलीस पुन्हा जवळ घेतले, आणि कूचबिहारची नातवंडे बडोद्यास आजीआजोबांच्या घरी राहावयास जाऊ लागली. ज्या घराचे दार मुलीने रुष्ट होऊन ओलांडले असे वाटले होते, ते दार पुन्हा उघडले. ही गोष्ट लहान नाही. कित्येक खेड्यांत अशा रागापायी बाप मुलीचे तोंड न पाहताच मरतो.

परंतु ज्याची भीती आईबापांस वाटली होती ते दुःखही आलेच. कूचबिहारच्या घराण्यावर मद्याने आपला पाश टाकला होता. थोरले बंधू त्यात गेले, आणि महाराज जितेंद्र ह्यांचीही प्रकृती त्यानेच ढासळत गेली. २० डिसेंबर १९२२ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवसाच्याच दिवशी, ते लंडनमध्ये मरण पावले. इंदिरादेवी तीस वर्षांच्या होत्या. पदरी पाच लेकरे होती, आणि थोरल्या मुलास नुकतीच सात वर्षे पुरी झाली होती. राजवाडा असो की झोपडी, मद्य शिरले म्हणजे त्यास मागे फिरवणे मनुष्याच्या बळाने होत नाही. आपल्या वस्त्यांतून ज्या भगिनींचे संसार दारूने बुडाले आहेत त्यांस हे अधिक सांगावयास नको. इंदिरादेवींचे माहेरही ह्या व्यसनापासून सुटले नव्हते. त्यांच्या भावांपैकी काहींचे आयुष्य ह्याच कारणाने लवकर संपले.

पतीच्या मरणानंतर अल्पवयी मुलाच्या वतीने राज्याचा भार इंदिरादेवींवर आला. १९२२ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे जगद्दीपेंद्र कारभार हाती घेईपर्यंत, त्यांनी राज्यसंरक्षक म्हणून काम पाहिले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसावे अशी रीत होती. त्या बसल्या नाहीत. त्यांनी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने राज्य चालविले, मुलांस शिकविले, आणि मराठी माहेर व बंगाली सासर ह्या दोहोंचे वळण त्यांस लावले. मात्र त्यांची राहणी फार खर्चाची होती. युरोपात त्यांचे दिवसच्या दिवस जात, मेजवान्या व उंची वस्त्रे ह्यांत पैसा वाहत असे, आणि त्याबद्दल त्यांस दोषही देण्यात येई. तो दोष अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणत नाही. प्रभूने दिलेले धन कोणाचे, हा प्रश्न राजांस व महाराणींसही लागू आहे.

त्यांच्या आयुष्यातील एक विलक्षण गोष्ट अशी की, जो प्रसंग त्यांनी आपल्या आईबापांवर आणला, तोच त्यांच्यावर त्यांच्या मुलीने आणला. दुसरी कन्या गायत्रीदेवी हिने जयपूरचे महाराज सवाई मानसिंह ह्यांच्याशी लग्न करण्याचा निश्चय केला. महाराजांच्या दोन राण्या हयात होत्या. एका राणीची सवत होण्याचे जिने नाकारले, तिच्याच मुलीने तिसरी राणी होण्याचे पत्करले! आईचे मन किती कळवळले असेल? इंदिरादेवींनी तिला जयपूरच्या जनान्यातील अडचणी समजावून सांगितल्या, थांबावयास सांगितले, आणि काही वर्षे थांबविलेही. परंतु मुलीचे मन बदलले नाही तेव्हा त्यांनी तिला कोंडले नाही, किंवा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधले नाही. ९ मे १९४० रोजी ते लग्न झाले. एका पुरुषास एकच पत्नी असावी ह्या ख्रिस्ती शिकवणीने पाहता ते लग्न आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. पण आईने आपल्या वेळची आठवण ठेवून मुलीशी वर्तन केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गायत्रीदेवींनी पुढे १९४३ साली जयपूरास मुलींची शाळा काढली, आणि त्या शाळेने तेथील मोठ्या घरांतील पुष्कळ मुलींस पडद्याबाहेर आणले.

उतारवयात इंदिरादेवींस आणखी शोक सोसावे लागले. थोरली कन्या इला १९४५ साली वारली, आणि धाकटे पुत्र इंद्रजितेंद्र १९५१ साली घरास लागलेल्या आगीत दगावले. कूचबिहार संस्थान १९४९ साली हिंदी संघराज्यात विलीन झाले. शेवटची वर्षे त्यांनी पुष्कळशी मुंबईस काढली, आणि तेथेच ६ सप्टेंबर १९६८ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ७६ वर्षांचे होते.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे?

कोणी वडीलधारा म्हणेल : पाहा, स्वतःच्या मनाने लग्न केले आणि नऊ वर्षांत वैधव्य आले. आईबापांचे ऐकले असते तर सुख झाले असते. आम्हांस हा विचार बरोबर वाटत नाही. सुनीतीदेवीचे लग्न आईबापांनी व सरकारने ठरविले होते, तरी तिच्या पतीने दुसरी राणी केली नाही आणि तो संसार प्रेमाचा झाला. इंदिरादेवींचे लग्न स्वतःच्या निवडीचे होते, आणि त्यात प्रीतीबरोबर दुःखही आले. सुखदुःख देवाच्या हाती आहे. परंतु मुलीस विचारणे हे आपल्या हाती आहे. ज्या गोष्टीचा हिशेब देव आपल्याकडे मागणार ती गोष्ट एवढीच. लग्न पुढे चांगले निघाले म्हणजे न विचारण्याचा अन्याय अन्याय नव्हता असे होत नाही, आणि दुःख आले म्हणजे विचारणे ही चूक होती असेही होत नाही.

दुसरे कोणी म्हणेल की, आईबापांचा मान राख ही देवाची आज्ञा आहे, मग ह्या मुलीने ती मोडली नाही काय? हा प्रश्न हलका नाही. पण मान राखणे म्हणजे काय? देवासमोर उभे राहून, मनात नसताना होय म्हणणे, ही देवाशीच लबाडी आहे. जी मुलगी आईबापांच्या धाकाने खोटी शपथ वाहते, तिच्याकडून आईबापांचा मान राखला जात नाही. त्यांच्या हातून मात्र तिला पापात लोटले जाते. इंदिराराजांनी आईबापांस न विचारता पत्र धाडले, ह्यात कठोरपणा होता हे खरे. परंतु त्यांनी शपथ वाहण्यापूर्वी खरे सांगितले, आणि ज्यास सांगावयाचे त्यालाच सांगितले. लग्नानंतर नवऱ्याचे घर विस्कटणारे असत्य आणि लग्नाआधी बोलून दाखविलेले कटू सत्य, ह्यांत देवास कोणते अधिक प्रिय असेल? प्रेषित पौलही मुलांस आज्ञाधारक राहा असे सांगून लागलीच बापांस बजावतो की, मुलांस चिडीस आणू नका. आज्ञेची ही दुसरी बाजू आपल्या घरांत क्वचितच वाचली जाते.

उपदेशक बंधूंनो व बायबल शिक्षिका भगिनींनो, ह्या कामी तुमचे कर्तव्य मोठे आहे. गावात लग्न ठरते ते बहुधा पुरुषांच्या बैठकीत. मामा, काका, शेजारच्या मंडळीतील वडील, सर्वांस विचारतात. देणेघेणे ठरते, तारीख ठरते, आणि मुलगी आत पाणी भरीत असते. कायदा मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पुरे असावे असे सांगतो. तेवढे पाहून आपण स्वस्थ बसतो. कायदा वय मोजू शकतो, मन मोजू शकत नाही. ते काम आईचे आहे, आणि आईला धीर नसेल तर तुमचे आहे. मंडळीत नावे वाचण्यापूर्वी कोणा समजूतदार भगिनीने मुलीस एकटीस भेटावे, तिच्यापाशी शांतपणे बसावे, आणि विचारावे. तिने मान हलविली म्हणून होकार समजू नये. ती गप्प राहिली तर त्या गप्प राहण्याचा अर्थ शोधावा. आणि ती नको म्हणाली, तर आपण सोयऱ्यांस काय तोंड दाखवू हा विचार मागे सारून तिच्या पाठीशी उभे राहावे. सोयऱ्यांचा राग दोन वर्षे टिकतो. मुलीचे दुःख तिच्या मरणापर्यंत टिकते.

एस्तेर राणीस राजवाड्यात नेले तेव्हा तिला कोणी विचारले असे पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही. तरी देवाने तिला सोडले नाही, आणि तिच्याकरवी आपल्या लोकांचा बचाव केला. देव न विचारलेल्या मुलींचाही देव आहे, ही आशा अशा प्रत्येक भगिनीने मनात बाळगावी. परंतु देव कृपाळू आहे म्हणून आपण निष्ठुर व्हावे असे नाही. ज्या घरी रिबकेस विचारले त्या घरासारखे आपले घर असावे, हेच आपणांस शोभते.

ह्या हंगामात ज्यांच्या घरी लग्ने ठरावयाची आहेत त्या सर्व आईबापांनी हे चरित्र एकदा घरात मोठ्याने वाचावे, मुलींसही ऐकू द्यावे, आणि वाचून झाल्यावर त्यांस बोलू द्यावे. मग वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकींचा होकार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येईल. प्रभू आपणां सर्वांस तशी सुबुद्धी देवो. आमेन.